साधं मॉइश्चरायझर आणि 'अँटी एजिंग' क्रीम: नक्की फरक काय?

खिडकीची_सीट | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. वय ४७, ऑफिस बांद्रा-कुर्ला संकुलात, दिवसभर डोक्यावर एसी. चेहऱ्याचं आजवर फार काही केलं नाही. आंघोळीनंतर पंपाच्या मोठ्या बाटलीतलं मॉइश्चरायझर, घरातले सगळेच लावतात ते. परवा वाढदिवसाला लेकीने तिच्या पहिल्या पगारातून नाइट क्रीम दिलं. ५० मिलीची जाड काचेची डबी, सोबत इवलासा चमचा, खोक्यावर 'सुरकुत्या कमी दिसतात', 'त्वचा तरुण भासते' वगैरे. किंमत तिने पेनाने खोडली होती. मी अर्थातच ऑनलाइन शोधली. महिन्याची भाजी आली असती त्यात.

सवयीने खोक्यामागची यादी वाचली. पाणी, ग्लिसरीन, डायमेथिकोन, शिया बटर. मग बाथरूममधून पंपाची बाटली आणून शेजारी धरली. पाणी, ग्लिसरीन, डायमेथिकोन. चौथं नाव तेवढं वेगळं. डबीच्या यादीत रेटिनिल पामिटेट आणि कसलंसं पेप्टाइडही आहे, पण पार खाली, सुगंधाच्याही नंतर.

तर मॉइश्चरायझर आणि या अँटी एजिंग प्रकारात खरोखर काही फरक असतो का? नुसतं मॉइश्चरायझर नियमित लावलं तर सुरकुत्या लांबणीवर पडतात का? आणि ४७ला सुरुवात करून काही उपयोग आहे की गाडी गेली? लेकीला दुखवायचं नाहीये, ही डबी संपवणारच आहे. पुढची घ्यायची का, एवढंच ठरवायचंय.

चहाटळ | सोमवार, रात्री ९:५२

फरक आहे ना. बाटली बाथरूममध्ये राहते, डबी कपाटात कुलपात.

(हलके घ्या.)

वसईची_वेल | सोमवार, रात्री १०:०५

वाखुसा (वाचनखूण साठवली). माझ्या ड्रॉवरमध्ये अर्धवट वापरलेल्या डब्यांचं प्रदर्शन भरेल. प्रत्येकीवर 'अवघ्या चार आठवड्यांत' असं काहीतरी लिहिलंय. जाणकार येऊ देत.

रसायन_मास्तर | सोमवार, रात्री ११:२०

क्रीम-लोशन बनवणाऱ्या कारखान्यात उमर गेली (ठाणे-बेलापूर पट्टा, आता निवृत्त), तेव्हा आतली बाजू सांगतो.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा. पंधरा-वीस पदर एकावर एक, आणि पदरांच्या मध्ये सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं. शरीरातलं पाणी या थरातून सतत उडत असतं. उडण्याचा वेग वाढला की चेहरा ओढल्यासारखा होतो, नाकाच्या कडेला पांढरट खपल्या येतात, डोळ्यांखालच्या बारीक रेषा उठून दिसतात. मॉइश्चरायझरचा सगळा खेळ याच थरात चालतो. पाणी धरून ठेवायला ग्लिसरीन, युरिया, हायल्युरॉनिक आम्ल. फटी भरून हाताला मऊ लागावं म्हणून तेलं, शिया बटर. आणि वरून झाकण घालायला पेट्रोलियम जेली, डायमेथिकोन, मेण. झाकण म्हणून पेट्रोलियम जेलीचा हात धरेल असं अजून काही निघालेलं नाही, आणि व्हॅसलीनवाल्या चेसब्रोने तिचं पेटंट घेतलं १८७२ साली!

पाणी भरलं की त्या मेलेल्या पेशी फुगतात, बारीक रेषा भरून येतात, चेहरा तुकतुकीत दिसतो. तासाभरात दिसतो. लावणं थांबवलंत की काही दिवसांत पुन्हा होतं तसं. तेव्हा खोक्यावरची वाक्यं खोटी नाहीत ताई. आमच्याकडे ती वाक्यं वकिलाच्या नजरेखालून जायची. आपल्या १९४०च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात सौंदर्यप्रसाधनाची व्याख्या स्वच्छता, शोभा आणि रूप इथवरच आहे. उपचार म्हटलं की माल औषधात जातो, आणि मग परवाना वेगळा, पुरावे वेगळे.

पंपाची बाटली आणि डबी यांत पहिली तीन नावं सारखी असण्यात नवल काही नाही. जगातल्या निम्म्या क्रीमांची सुरुवात तशीच होते. बाकी खर्च काचेत, खोक्यात आणि जाहिरातीत. तो छोटा चमचा सुद्धा आम्ही वेगळ्या पुरवठादाराकडून मागवायचो.

राणीबाग | मंगळवार, सकाळी ७:१५

मास्तर, थोडं अवांतर. माझ्या आजीच्या फडताळात अफगाण स्नोची निळी बाटली असायची. १९१९ पासूनचा माल, आणि आपल्या मुंबईच्याच पाटणवालांचा. आमच्या भायखळ्यात राणीबागेजवळ त्यांच्या नावाचा रस्ता आहे. आजी म्हणायची, 'लावला की गायब होतो.' तो मॉइश्चरायझर म्हणायचा की काय?

रसायन_मास्तर | मंगळवार, सकाळी ८:०२

स्नो म्हणजे मुख्यतः स्टिअरिक आम्ल आणि पाणी. चोळला की अगदी पातळ थर राहतो, तेलकटपणा जवळजवळ नाही. मुंबईच्या दमट हवेत म्हणून तर चालला. कोल्ड क्रीममध्ये तेल आणि मेण जास्त, ते मे महिन्यात कोण लावणार इथे?

कर्जत_स्लो | मंगळवार, सकाळी ८:३१

म्हणजे व्हॅसलीन झिंदाबाद, बाकी सगळी लूट? विषय संपला?

त्वचावैद्य | मंगळवार, दुपारी २:४८

विषय संपला नाही :) मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, शिक्षण परळच्या केईएममध्ये. मास्तरांनी वरचा थर नेमका सांगितला, मी त्याच्या खालचं सांगते.

मास्तर म्हणाले त्या बारीक रेषा वेगळ्या आणि खरी सुरकुती वेगळी. ती मेलेल्या थराच्या खाली, जिवंत त्वचेत पडते. तिथे कोलॅजेन आणि इलॅस्टिनचे तंतू असतात. वयाने आणि त्याहून जास्त उन्हाने ते तुटत जातात, नवे बनायचा वेग मंदावतो. बायकांमध्ये पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या ५ वर्षांत त्वचेतलं कोलॅजेन सुमारे ३० टक्क्यांनी घटतं. पन्नाशीच्या पेशंट 'डॉक्टर, एकदम म्हातारी दिसायला लागले' म्हणतात ते उगाच नाही. मॉइश्चरायझर तिथवर पोचत नाही, कितीही महाग असो. 'कोलॅजेन क्रीम' ही तर थट्टा आहे. धडधाकट त्वचेतून आत शिरायला रेणू साधारण ५०० डाल्टनच्या (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप) आतला लागतो, कोलॅजेनचा असतो ३ लाखांच्या घरात. तो वर बसतो, पाणी धरतो, सकाळी धुऊन जातो. थोडक्यात, तेही मॉइश्चरायझरच.

आत पोचून पेशींचं वागणं बदलणाऱ्यांत सर्वांत भक्कम पुरावा ट्रेटिनोइनचा, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या आम्ल रूपाचा. हे मुळात मुरुमांचं औषध. पेनसिल्व्हानिया विद्यापीठातले अल्बर्ट क्लिगमन मुरुमांसाठी ते देत असत. मोठ्या वयाच्या रुग्ण बायका 'चेहरा नितळ झाला' असं सांगायला लागल्या आणि शोध सुरू झाला. १९८८ साली मिशिगन विद्यापीठाच्या मंडळींनी ३० जणांवर १६ आठवडे प्रयोग केला. एका हाताला ०.१ टक्के ट्रेटिनोइनचं क्रीम, दुसऱ्या हाताला तेच क्रीम पण औषध न घातलेलं. खिडकीची_सीट, तुमचा प्रश्न नेमका या दुसऱ्या हाताबद्दलचा आहे. औषधाच्या हाताची उन्हाने खराब झालेली त्वचा सुधारली, नुसत्या क्रीमच्या हाताची नाही. १९९३ मध्ये दुसऱ्या एका अभ्यासात त्वचेचे तुकडे काढून तपासले, तेव्हा ट्रेटिनोइन लावणाऱ्यांत पहिल्या प्रकारच्या कोलॅजेनचं उत्पादन ८० टक्क्यांनी वाढलेलं होतं, नुसतं क्रीम लावणाऱ्यांत १४ टक्क्यांनी घटलेलं. त्याला १०-१२ महिने लागले. अमेरिकेत या कामासाठी त्याला मान्यता मिळाली १९९५ला.

आता दुसरी बाजू. १९८८च्या त्याच प्रयोगात ९२ टक्के लोकांच्या त्वचेला दाह झाला. काहींचा दोन आठवडे टिकला, काहींचा तीन महिने. जे द्रव्य जिवंत पेशींना कामाला लावतं ते त्रासही देतं. एका रात्रीत चेहरा छान दिसला तर समजा की पाण्याचं काम आहे.

सोसायटी_सेक्रेटरी | मंगळवार, संध्या. ७:१०

कळलं. मॉइश्चरायझर म्हणजे बिल्डिंगची रंगरंगोटी, ट्रेटिनोइन म्हणजे पिलरची दुरुस्ती. रंगाला सगळे हात वर करतात, पिलरच्या कामाला 'आवाज होतो, धूळ होते' म्हणून तक्रारी.

चहाटळ | मंगळवार, संध्या. ७:१४

आणि प्लास्टिक सर्जरी म्हणजे रिडेव्हलपमेंट. ५१ टक्के सभासदांची संमती आणा आधी.

कोरफड | मंगळवार, रात्री ९:३६

धूळ कशी होते ते आमच्याकडे पाहिलंय. लग्न ठरल्यावर माझ्या धाकट्या भावाने (बोरिवली, आयटीवाला, आजवर अंगाचा साबण तोंडाला) कुणातरी इन्फ्लुएन्सरचं ऐकून रेटिनॉल सीरम आणलं. वर ग्लायकोलिक आम्लाचं टोनर. दोन्ही रोज रात्री. साखरपुड्याच्या दिवशी हनुवटीवर आणि नाकपुड्यांशी सालं लोंबत होती, आणि हळद लावायला आलेल्या मावशीने ओल्या फडक्याने ती खसाखसा पुसली. पठ्ठ्या ओरडला तो अख्ख्या हॉलने ऐकला. व्हिडिओत आहे.

पुढे डॉक्टरांनी सगळं बंद करून महिनाभर नुसतं साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर दिलं. लग्नापर्यंत चेहरा ताळ्यावर आला.

कर्जत_स्लो | मंगळवार, रात्री ९:५०

मावशींना दंडवत. मग रेटिनॉल आणि ते ट्रेटिनोइन एकच का? एक दुकानात मिळतं, एकाला चिठ्ठी लागते, असं का?

त्वचावैद्य | बुधवार, दुपारी १:३०

घराणं एक, जोर वेगळा. पेशींना कळतं ते फक्त रेटिनॉइक आम्ल, म्हणजे ट्रेटिनोइन. रेटिनॉलचं त्वचेत आधी रेटिनाल्डिहाइड होतं, मग आम्ल. दर पायरीला बराच माल गळतो, म्हणून रेटिनॉल सौम्य आणि हळू. डबीवरचं रेटिनिल पामिटेट त्याच्याही एक पायरी अलीकडचं, म्हणजे सगळ्यात दुबळं. ट्रेटिनोइन आपल्याकडे डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध आहे, आणि गंमत म्हणजे ट्यूब दोन-तीनशे रुपयांत येते.

कोरफड, तुमच्या भावाला जे मॉइश्चरायझर दिलं ते उगाच नव्हे. लोक या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध उभ्या करतात ते मला पटत नाही. मॉइश्चरायझर नसेल तर निम्मे पेशंट पंधरवड्यात औषध सोडतात. औषध आठवड्यातून दोन रात्री, मटारच्या दाण्याएवढं, पूर्ण चेहऱ्याला मिळून. कोरड्या चेहऱ्यावर. त्वचा नाजूक असेल तर आधी मॉइश्चरायझर, मग औषध, वरून पुन्हा मॉइश्चरायझर. डोळ्यांच्या आणि ओठांच्या कडा सोडून. सोसलं की रात्री वाढवायच्या. ग्लायकोलिक त्याच रात्री नको. आणि दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल तर या घराण्यातलं काहीच नको, अगदी रेटिनॉलसुद्धा.

निर्मोही | बुधवार, दुपारी ३:०५

सगळं शास्त्र मान्य, पण मुळात कशासाठी? माझी आजी लालबागला खानावळ चालवायची. गिरणीच्या पाळीप्रमाणे पहाटे चूल पेटायची. चेहऱ्यावर रेषांचं जाळं, आणि काय दिसायची म्हणून सांगू! वय दिसू नये ही भीती आधी विकायची, मग तिच्यावर डबी विकायची. पुरुषांच्या पिकल्या मिशीला रुबाब म्हणायचं आणि बाईच्या डोळ्याकडच्या रेषेला 'समस्या'. ४७ व्या वर्षी ४७चं दिसण्यात गैर काय आहे?

वसईची_वेल | बुधवार, दुपारी ३:४०

गैर काहीच नाही. पण ऑफिसातली पोरं सकाळी सकाळी 'मॅडम, दमलात का?' विचारतात ना, तेव्हा तत्त्वज्ञान आठवत नाही. मी केस रंगवते, तशी क्रीमही लावेन. ज्याचा त्याचा चेहरा.

निर्मोही | बुधवार, दुपारी ३:५१

लाव ना, नको कोण म्हणतंय. फक्त 'समस्या' म्हणू नकोस.

त्वचावैद्य | बुधवार, रात्री १०:२०

निर्मोही, सत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांसाठी मी अँटी एजिंगच्या भानगडीत पडतच नाही. पण मॉइश्चरायझर त्यांना आवर्जून लिहून देते. या वयात त्वचेचा तेलकटपणा गेलेला असतो, नडग्यांना भेगा पडतात, रात्रभर खाज सुटते. घरचे डेटॉलने पुसतात, खाज वाढते. आंघोळीनंतर तीन मिनिटांच्या आत, अंग दमट असताना साधं पेट्रोलियम जेलीयुक्त क्रीम लावलं तर झोप लागते त्यांना. मॉइश्चरायझरला कमी लेखू नका एवढंच.

काढाप्रेमी | गुरुवार, सकाळी ६:४०

सगळे परदेशी प्रयोग. आपल्याकडे बावची आहे की! रेटिनॉलसारखंच काम करते असं वाचलं. बाकुचिऑल म्हणतात ते बावचीतूनच काढतात. दादरला काष्ठौषधीच्या दुकानात बिया मिळतात, दुधात वाटून लावायच्या.

त्वचावैद्य | गुरुवार, सकाळी ९:१५

काढाप्रेमी, थांबा! अर्धं बरोबर आहे, उरलेलं अर्धं धोक्याचं. बाकुचिऑल बावचीतून निघतं, आणि २०१८च्या एका चाचणीत ४४ जणांवर १२ आठवड्यांत त्याने रेटिनॉलच्या तोडीचा परिणाम दाखवला, चुरचुर कमी. एकच लहान चाचणी, पण आशादायक. बियांमध्ये मात्र सोरालेनही असतं. त्याने त्वचा उन्हाला भयंकर हळवी होते. बावची कोडावर वापरतात ती त्याच गुणामुळे, तीही देखरेखीखाली. बिया वाटून लावल्या आणि दुपारी बाहेर पडलात तर चेहऱ्यावर फोड येतील आणि काळे डाग मागे राहतील. पेशंट पाहिलेत.

काढाप्रेमी | गुरुवार, सकाळी ९:३३

बापरे. बिया परत बरणीत. साय-हळद चालेल ना?

रसायन_मास्तर | गुरुवार, सकाळी ९:५८

साय चालेल. स्निग्ध आहे, झाकण घालते. मुरुमवाल्यांनी नको. लिंबू मात्र तोंडाला लावू नका कुणी.

वसईची_वेल | गुरुवार, दुपारी १२:२५

डागांवरून आठवलं. माझ्या नणंदेला पार्लरमधून एक बिनलेबलाची पांढरी डबी मिळायची, 'वांगावर रामबाण' म्हणून. आठवड्यात चेहरा उजळला, सगळ्या नातेवाइकांत चर्चा. काही महिन्यांनी गालांवर लाल शिरा दिसायला लागल्या, लव वाढली. बंद केलं तर चेहरा पेटल्यासारखा लाल, गॅससमोर उभं राहवेना. पुन्हा लावलं की शांत. हे कसलं अँटी एजिंग?

त्वचावैद्य | गुरुवार, रात्री ९:४५

हे अँटी एजिंग नाही, स्टेरॉइड आहे. तुमच्या नणंदेसारख्या बायका रोज ओपीडीत येतात. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि स्टेरॉइड अशी तिहेरी क्रीमं वांगासाठी थोडे आठवडे, डॉक्टरांच्या नजरेखाली द्यायची असतात. लोक तीच महिनोन्‌महिने फेस क्रीम म्हणून लावतात, शेजारणीला देतात. त्वचा पातळ होते, आणि सोडलं की भडका उडतो. २०१८ साली सरकारने त्वचेवर लावायची स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत म्हणून शेड्यूल एचमध्ये टाकली. ट्यूबवर लाल उभी रेघ असते ती बघा. बिनलेबलाच्या डबीला रेघही नसते, म्हणून ती आणखी वाईट. नणंदेला स्वतःहून एकदम बंद करू देऊ नका, हळूहळू उतरवावं लागतं. केईएम, सायन, नायर, कुठेही त्वचा विभागात केसपेपर काढा.

आणि आपल्या रंगाच्या त्वचेबद्दल एक. जाहिरातींमध्ये सुरकुत्या, सुरकुत्या चालतं, कारण गोऱ्या त्वचेचं वय आधी सुरकुत्यांतून दिसतं. आपल्याकडे मेलॅनिन जास्त, सुरकुत्या उशिरा येतात. आधी येतात ते वांग, डोळ्यांभोवतीचा काळेपणा, कपाळाची रापलेली पट्टी. त्यामुळे भारतीय चेहऱ्याला जळजळ करणारं काहीही जोरात लावलं तर सुरकुती जायच्या आधी डाग येतो.

उभा_प्रवासी | शुक्रवार, सकाळी ८:१२

धागा भारी चाललाय. पण इतक्या प्रतिसादांत सनस्क्रीनचं नाव कुणी काढलं नाही? ऑस्ट्रेलियात नॅम्बर गावात चाचणी झाली होती, २०१३ला छापून आली. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा साडेचार वर्षांत २४ टक्के कमी म्हातारी झाली, आठवेल तेव्हा लावणाऱ्यांच्या तुलनेत. मग रेटिनॉल कशाला हवं?

त्वचावैद्य | शुक्रवार, दुपारी २:००

सगळ्यात आधी हेच यायला हवं होतं. चेहऱ्यावरचे वयाचे म्हणून दिसणारे बरेचसे बदल उन्हाचे असतात. सनस्क्रीन न लावता ट्रेटिनोइन लावणं म्हणजे पैसे वाया. उन्हातले अतिनील किरण दोन प्रकारचे, यूव्हीए आणि यूव्हीबी. एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीचा असतो, सुरकुत्या पाडतं ते यूव्हीए काचेतूनही आत येतं. २०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. २८ वर्षं गाडी चालवलेला माणूस. खिडकीकडचा गाल जाड, घड्या पडलेला, दुसरा गाल जवळपास ठीक. तेव्हा पाकिटावर पीए (यूव्हीएपासूनच्या संरक्षणाची खूण) आणि त्यापुढच्या अधिक खुणाही बघा. वांग असेल तर थोडी रंगाची छटा असलेलं, आयर्न ऑक्साइडवालं घ्या, कारण वांगाला नुसता दृश्य प्रकाशही पुरतो.

चहाटळ | शुक्रवार, दुपारी २:०७

खिडकीची_सीट, तुमचा आयडी बदला ताबडतोब.

खिडकीची_सीट | शुक्रवार, दुपारी २:३०

:D :D मी हार्बरला उजवीकडच्या खिडकीत बसते, सकाळी ऊन थेट तिकडूनच. आरशात दोन्ही गाल तपासून आले.

कर्जत_स्लो | शुक्रवार, संध्या. ६:४४

क जीवनसत्त्वाच्या सीरमचं काय? माझं आणल्यावर पांढरं होतं, आता चहाच्या रंगाचं झालंय.

रसायन_मास्तर | शुक्रवार, रात्री ८:२०

फेकून द्या. एल-अस्कॉर्बिक आम्ल फार नाजूक, १० ते २० टक्के आणि आम्लता साडेतीन पीएचच्या खाली असेल तरच काम करतं, आणि हवा-उजेड-उष्णता लागली की पिवळं, मग तपकिरी होतं. तपकिरी म्हणजे ऑक्सिडीकरण झालं. मुंबईच्या मे महिन्यात बाथरूमच्या खिडकीत ठेवलंत तर किती टिकणार? गडद बाटली, छोटी, थंड जागा.

यावरून मूळ प्रश्नाकडे येतो, कारण ताईंच्या डबीचं कुणी बोललंच नाही. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, पण एक टक्क्याच्या खालची द्रव्यं कशीही लिहायला मोकळीक असते. सुगंध सहसा एक टक्क्याच्या आतच. त्याच्याही खाली पेप्टाइड आणि पामिटेट म्हणजे चिमूटभर. त्यात रुंद तोंडाची काचेची डबी. अ जीवनसत्त्वाची सगळी भावंडं उजेड आणि हवेने मरतात. रोज झाकण उघडणार, रोज हवा जाणार. ज्याला खरंच रेटिनॉल विकायचंय तो ॲल्युमिनियमच्या ट्यूबमध्ये किंवा हवा न शिरणाऱ्या पंपात भरतो आणि टक्केवारी छापतो. तेव्हा तुमची डबी हे चांगल्या प्रतीचं, सुवासिक मॉइश्चरायझर आहे. वापरा, एसीत बसणाऱ्याला उपयोगाचंच आहे.

वसईची_वेल | शुक्रवार, रात्री ८:३४

टक्केवारी छापलेली नसेल तर घ्यायचं नाही. हे मला ड्रॉवर भरायच्या आधी सांगायला हवं होतं मास्तर.

निर्मोही | शुक्रवार, रात्री ८:५०

आणि पेप्टाइड? त्याचाच गाजावाजा जास्त असतो.

त्वचावैद्य | शुक्रवार, रात्री १०:१५

पेप्टाइड म्हणजे प्रथिनांचे छोटे तुकडे. काहींचे बरे निकाल आहेत, पण अभ्यास लहान आणि बरेचसे कंपन्यांनीच केलेले. ट्रेटिनोइनच्या पासंगाला पुरत नाहीत. नायसिनामाइड (ब३ जीवनसत्त्वाचं एक रूप) ४-५ टक्के मात्र मी आवडीने सुचवते. डागही थोडे फिकट करतं, त्वचेचा वरचा थरही सुधारतं, झोंबत नाही. मॉइश्चरायझर आणि उपचार यांच्या सीमेवरचं आहे ते.

खिडकीची_सीट | शनिवार, सकाळी १०:०५

सगळ्यांचे आभार. लेकीला धागा दाखवला. ती म्हणाली, 'आई, मला वाटलंच, पण डबी छान दिसत होती.' डबी रात्री लावतेय, वास खरंच सुरेख आहे. पुढच्या महिन्यापासून तेच पैसे सनस्क्रीनवर, आणि वर्सोव्याच्या मैत्रिणीच्या ओळखीच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय ट्रेटिनोइनचं विचारायला. ४७ला उशीर झाला का ते कुणी सांगितलं नाही अजून.

त्वचावैद्य | शनिवार, सकाळी ११:३०

नाही झाला. ट्रेटिनोइनच्या चाचण्यांमध्ये पन्नाशी-साठीची माणसंही होती. वर्षभर धीर धरायची तयारी ठेवा, आणि पहिले दोन महिने आरशात काही चांगलं दिसणार नाही हे आजच लेकीला सांगून ठेवा.

उभा_प्रवासी | शनिवार, दुपारी १:१०

एक शेवटची शंका. जून तोंडावर आलाय. घामात सनस्क्रीन टिकतं का? माझं विक्रोळीपर्यंत डोळ्यांत उतरतं. ढग असताना लावायचं का?

त्वचावैद्य | शनिवार, दुपारी १:४५

ढगातूनही यूव्हीए येतं, लावायचं. घामाला टिकणारं, जेल स्वरूपातलं घ्या. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं, निघायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. घाम रुमालाने रगडून पुसू नका, टिपा.

उभा_प्रवासी | शनिवार, दुपारी १:५२

टिपायला हात मोकळा हवा ना डॉक्टर. सकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये एक हात कडीला, दुसरा बॅगेवर. घाम शेजाऱ्याच्या खांद्याला टिपला जातो.

चहाटळ | शनिवार, दुपारी १:५५

म्हणजे सनस्क्रीनही त्यालाच. वीस वर्षांनी बघा, शेजाऱ्याचा डावा खांदा एकदम तरुण.